जुन्या मोटारसायकलच्या मीटरमधलं घड्याळ: दोष कसा शोधायचा आणि त्या कामाचे पैसे कसे लावायचे



व्हिडिओत हात कसा चालतो ते दिसतं, पण व्होल्टेजचे आकडे आणि दराचा हिशोब लक्षात राहत नाही. म्हणून या वेळचा धडा लिहून देतोय. विषय ऐकायला छोटा आहे: जुन्या मोटारसायकलच्या मीटरमधलं घड्याळ. किल्ली काढली की वेळ पुसली जाते, सेल्फ मारला की परत पहिल्यापासून सुरू होतं, किंवा आकडेच अर्धे दिसतात.

छोटं गॅरेज, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान किंवा बॅटरी सर्व्हिस सुरू करायचा विचार असेल तर हा धडा तुमच्यासाठी आहे. मोबाइल रिपेअरिंग करणाऱ्यांनीही वाचा, कारण कैया आणि मल्टिमीटर तुमच्याकडे आधीपासून आहे. शेवटी दराचा हिशोब आणि जॉब कार्डचा नमुना दिला आहे, तो वहीत उतरवून घ्या.

खिशात मोबाइल असताना घड्याळ कोण दुरुस्त करतं?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. खरं सांगायचं तर नुसत्या वेळेसाठी फार कमी लोक येतात. गिऱ्हाईक येतं ते असं सांगत: "मीटर येड्यासारखं करतंय." घड्याळ ही त्या मीटरमधली सगळ्यात नाजूक गोष्ट. हेडलाइट ११ व्होल्टवरही पेटतो, हॉर्न बारीक आवाजात का होईना वाजतो. घड्याळाला मात्र चोवीस तास अखंड करंट लागतो. तो क्षणभर तुटला तरी वेळ पुसली जाते. त्यामुळे बॅटरी उतरायला लागली, कपलर गंजला, फ्यूजचा संपर्क ढिला झाला, की पहिली बातमी घड्याळ देतं.

आता धंद्याच्या बाजूनं बघा. अशा गाडीला बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "मीटर बदला." पूर्ण मीटर म्हणजे बऱ्याच मॉडेलला काही हजारांचा खर्च, शिवाय पार्ट सोलापूर किंवा सांगलीहून मागवायचा. आणि दोष वायरीत असेल तर नवीन मीटरमध्येही घड्याळ तसंच बंद. ज्या दुकानात दोष मोजून दाखवला जातो, त्या दुकानाकडे हे काम येतं. आज शिकायचं ते हेच: तपासणी हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचे स्वतंत्र पैसे घ्यायचे.

आधी बघा, गाडीत घड्याळ आहे का

जुन्या साध्या मोटारसायकलींना केबलवर चालणारं स्पीडोमीटर असायचं, त्यात घड्याळ नव्हतं. आपल्याकडं डिजिटल मीटरच्या गाड्या २००० नंतरच्या दशकात वाढल्या. २००९ ची करिझ्मा झेडएमआर, २०११ ची होंडा सीबीआर २५० आर, २०१२ ची थंडरबर्ड ५०० या गाड्यांच्या मीटरमध्ये डिजिटल घड्याळ आलं. या गाड्या आता जुन्या बाजारात फिरतायत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं आहेत. मालकाला गाडी आवडते, पण महागडा पार्ट टाकायची तयारी नसते. तुमचं गिऱ्हाईक इथं आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं मीटर इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतं. तसल्या गाडीचं मीटर सुरुवातीला हातात घेऊ नका, आणि वॉरंटीतली गाडी तर अजिबात उघडू नका.

घड्याळ चालतं कसं

एवढं समजलं की निम्मे दोष गाडी न उघडता ओळखता येतात.

मीटरच्या आत क्वार्ट्झचा एक छोटा क्रिस्टल असतो. त्यातून सेकंदाला ३२,७६८ ठोके निघतात. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याचे पंधरा वेळा निम्मे करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच हिशोब असतो.

मीटरला मुख्यतः तीन वायरी बघायच्या असतात:

१. कायमची लाईन: बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट येते. किल्ली बंद असतानाही चालू. घड्याळाची वेळ हिच्यावर टिकते.

२. किल्लीची लाईन: किल्ली चालू केल्यावर येते. डिस्प्ले आणि मागची लाइट हिच्यावर.

३. अर्थिंग: परतीची वायर.

किलोमीटरचा आकडा मात्र वेगळ्या मेमरीत लिहिलेला असतो. त्याला टिकायला करंट लागत नाही. म्हणून बॅटरी काढली तर घड्याळ पुसलं जातं, किलोमीटर तसेच राहतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर बॅटरी बदलल्यावर ते म्हणणार, "तुम्ही हात लावला आणि घड्याळ गेलं."

गाडी उघडायच्या आधी पाच प्रश्न

डॉक्टर जसं आधी विचारतो, तसं. उत्तरं जॉब कार्डवर लिहा.

१. वेळ कधी जाते? किल्ली काढल्यावर, सेल्फ मारल्यावर, की खड्ड्यात आपटल्यावर?

२. वेळ पुसली जाते, की फक्त मागे-पुढे पडते?

३. आकडे पूर्ण दिसतात, की एखादी रेघ गायब आहे, की सगळंच फिकं आहे?

४. बॅटरी कधी बदलली?

५. अलीकडं गाडीत काय बसवलं? एलईडी, जादा हॉर्न, मोबाइल चार्जर, अलार्म?

आपल्या सांगोल्याच्या भागात मी सहावा प्रश्नही विचारायला सांगतो: गाडीवर फवारणीचा पंप नेता का? डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं. पंप गाडीवर बांधून नेताना ते थेंब वायरिंगवर पडले तर कपलरच्या पिना हिरव्या पडून खराब होतात. महूद, जवळा, कोळा या बाजूची गाडी आली तर हेडलाइटच्या मागचा आणि सीटखालचा कपलर आधी बघा.

लक्षणावरून दोष

*प्रत्येक वेळी किल्ली काढली की घड्याळ पहिल्यापासून.* कायमची लाईन तुटलेली आहे. फ्यूज, फ्यूजचा होल्डर, कपलर, वायर या क्रमानं बघा. मीटर उघडायची घाई नको.

*किल्ली काढली तर वेळ टिकते, सेल्फ मारला की जाते.* बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. सेल्फची मोटर सुरू होताना खूप करंट ओढते, व्होल्टेज खाली जातं आणि मीटर क्षणभर बंद पडून परत सुरू होतं.

*खड्ड्यात वेळ जाते.* ढिला कपलर, आतून तुटलेली वायर किंवा मीटरच्या आतला सुटलेला टाका. हँडल वळतं त्या जागी वायर रोज वाकते, ती जागा हातानं चाचपून बघा.

*वेळ पुसली जात नाही, पण मागे पडते.* क्रिस्टलचा स्वभाव आहे. २५ अंशाच्या आसपास तो सगळ्यात बरोबर चालतो. तापमान त्याच्यापासून जेवढं लांब जाईल तेवढा तो मंद होतो. ४५ अंशाला साधारण सव्वा सेकंद, आणि उन्हात मीटर ६५ अंशापर्यंत तापलं तर त्या गतीनं दिवसाला साडेचार-पाच सेकंद मागे. एप्रिल-मे महिन्यात महिन्याला एक-दोन मिनिटं मागे पडलं तर दुरुस्तीला काही नाही. वेळ लावून द्या आणि तसं सांगा. दिवसाला पाच-दहा मिनिटं मागे पडत असेल तर मात्र आत दोष आहे.

*आकड्यातली एखादी रेघ गायब.* डिस्प्लेची काच आणि सर्किट यांच्यामध्ये एक रबरी पट्टी असते, तिला झेब्रा पट्टी म्हणतात. धूळ, ओल किंवा स्क्रू ढिला झाल्यानं तिचा संपर्क सुटतो.

*डिस्प्ले काळा किंवा पिवळट, एका कोनातूनच दिसतो.* काचेवरची पोलरायझर फिल्म उन्हानं खराब झाली. आतलं घड्याळ व्यवस्थित चालू असतं, फक्त दिसत नाही.

*सगळंच बंद.* फ्यूज, किल्लीची लाईन, अर्थिंग बघा. नंतर चार्जिंग व्होल्टेज मोजा, कारण रेग्युलेटर बिघडून जादा व्होल्टेज गेलं तर मीटरचं सर्किट जळू शकतं.

तपासणीचा क्रम: स्वस्तातून महागाकडं

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. प्रत्येक आकडा कार्डवर लिहा.

पायरी १: बॅटरी. गाडी रात्रभर किंवा निदान दोन तास बंद असावी. चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा जास्त दाखवते. १२.० च्या जवळ असेल तर जवळपास रिकामी आहे. आधी ती चार्ज करा, पुढचं सगळं त्यानंतर.

पायरी २: सेल्फ मारताना. काळी आणि लाल पिन बॅटरीवरच धरून सेल्फ मारा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा टर्मिनलवर संशय. टर्मिनल घासून, घट्ट करून परत मोजा. बॅटरी बदलायला सांगायच्या आधी हे एवढं कराच.

पायरी ३: चार्जिंग. इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर आधी बदला. तो तसाच ठेवून नवीन मीटर बसवलं तर तेही जाऊ शकतं.

पायरी ४: फ्यूज. डोळ्यानं चांगला दिसतो म्हणून सोडू नका, बाहेर काढून कंटिन्युइटी बघा. होल्डरच्या पिना पसरल्या असतील तर हलक्या हातानं दाबा. फ्यूज ज्या अँपिअरचा आहे त्याच अँपिअरचा टाका. १० च्या जागी २० टाकणं किंवा तारेचा तुकडा गुंडाळणं म्हणजे वायरिंग पेटवायची सोय.

पायरी ५: मीटरचा कपलर. किल्ली बंद ठेवून मीटरचा कपलर काढा. गाडीच्या बाजूच्या कपलरवर कायमच्या लाईनीला १२ व्होल्ट येतात का बघा. वायरीचा रंग मॉडेलप्रमाणे बदलतो, त्यामुळे अंदाजानं चालू नका, सर्किट डायग्राम बघा.

इथं नवीन मुलं फसतात. मल्टिमीटर स्वतः करंट जवळजवळ घेत नाही, त्यामुळे वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून त्याच जागी इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब लावून बघा. बल्ब लख्ख पेटला तर लाईन चांगली. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर मधे कुठंतरी वायर खाल्लेली आहे. बल्ब फक्त गाडीच्या बाजूला लावायचा, मीटरच्या पिनांना कधीच नाही.

पायरी ६: अर्थिंग. कपलर परत जोडा, किल्ली चालू करा. एक पिन मीटरच्या अर्थिंग वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट काढून, घासून घट्ट करा.

पायरी ७: बंद गाडीतली गळती. बॅटरी चार-आठ दिवसांत उतरते अशी तक्रार असेल तरच. किल्ली बंद करून बॅटरीची मायनस वायर काढा आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मधे जोडा. आधी मोठ्या रेंजवर. या वेळी किल्ली चालू करायची नाही आणि सेल्फ तर चुकूनही मारायचा नाही. नुसतं घड्याळ थोडे मिलिअँपिअर घेतं. ५० मिलिअँपिअर दिसले तर हिशोब करा: ९ अँपिअर-अवरची बॅटरी भागिले ०.०५, म्हणजे १८० तास, साडेसात दिवस. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी संपली. बहुतेक वेळा थेट बॅटरीवर जोडलेला चार्जर किंवा अलार्म सापडतो आणि बिचारं घड्याळ बदनाम होतं.

मीटर उघडायचंच असेल तर

सहाव्या पायरीपर्यंत सगळं बरोबर असेल आणि तरी घड्याळ टिकत नसेल, तरच मीटर उघडा. गिऱ्हाइकाची सही आधी.

बॅटरीची मायनस वायर आधी काढा, जोडताना ती शेवटी जोडा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. स्क्रू निघाले त्या क्रमानं डबीत ठेवा. आरपीएमचा काटा असलेलं मीटर असेल तर काटा उपसू नका. काटा चुकीच्या जागी बसला की आकडा चुकीचा दाखवतो.

झेब्रा पट्टी आणि तिच्याखालचे पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिकच्या काचेला बारीक तडे जातात. सुटलेला टाका भिंगातून शोधा. कपलरच्या पिनांच्या मुळाशी गोल भेग दिसते, तिथं नवीन सोल्डर घाला. पोलरायझर फिल्म बदलायची असेल तर चिकटवायच्या आधी काचेवर फिरवून बघा. एका दिशेला आकडे गडद दिसतात, आडवी धरली तर गायब किंवा उलटे दिसतात. बरोबर दिशा खूण करून मगच कापा.

बंद करताना दोन गोष्टी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल सिलिकॉन घ्या. आणि मीटरच्या मागं हवेसाठी बारीक भोक असेल तर ते बुजवू नका, नाहीतर आत धुकं धरतं.

काही वेळा सर्किटवर काळ्या डांबरासारखा थेंब दिसतो. त्याच्या खाली चिप आहे. ती गेली असेल तर आपल्या टेबलावर दुरुस्ती होत नाही. तसं स्पष्ट सांगा. गिऱ्हाइकाला फक्त वेळच हवी असेल तर हँडलवर लावायचं सेलवरचं वॉटरप्रूफ घड्याळ हा स्वस्त मार्ग आहे. तो स्वतःहून सुचवा.

आता पैशाचं बोलू

खालचे आकडे मांडणी समजावी म्हणून धरले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

महिन्याचा खर्च: दुकानभाडं ४,०००, वीज आणि मोबाइल १,०००, हत्यारांची झीज ५००, किरकोळ ५००, आणि तुमचा स्वतःचा पगार १५,०००. एकूण २१,०००.

बरेच जण स्वतःचा पगार धरत नाहीत. मग महिन्याच्या शेवटी गल्ल्यात उरेल तो नफा समजतात. तो नफा नसतो, तुमची मजुरी असते.

महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पण प्रत्येक तासाला काम नसतं. निम्मे तास बिलाचे धरले तर १०४. म्हणजे २१,००० भागिले १०४, तासाला साधारण २०२ रुपये. यात नफा अजून आलेलाच नाही.

वरच्या सहा पायऱ्या, बोलणं आणि कार्ड लिहिणं धरून अर्धा तास जातो. म्हणजे १०१ रुपये खर्च. शंभर घेतले तर नफा शून्य. म्हणून तपासणी १५० रुपये. मल्टिमीटर, कैया, क्रिंपिंगचं पकड, भिंग, केमिकल असं साधारण साडेतीन हजारांचं सामान धरलं, तर एका तपासणीतल्या जवळपास ५० रुपये नफ्यातून ७० तपासण्यांत ते फिटतं. एवढ्यासाठी कर्ज काढू नका. पुढं दुकान वाढवायचं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, आणि उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

मीटर उघडायचं काम अडीच तासांचं धरा: ५०५ रुपये वेळेचे, १०० सामानाचे, बाकी नफा आणि जोखीम. ८०० रुपये सांगा. पण नवीन मीटर १,४०० ला मिळत असेल तर ८०० ची दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या फायद्याची नाही. माझा नियम असा: दुरुस्ती नवीनच्या निम्म्याहून महाग जात असेल तर "नवीन घ्या" म्हणून सांगायचं. काम जातं, गिऱ्हाईक राहतं.

घासाघीस होणार. बोलायचं असं:

"अहो, नुसतं घड्याळ बघायचे दीडशे?"

"काका, दीडशेत बॅटरी, चार्जिंग आणि मीटरची लाईन तिन्ही मोजतो आणि आकडे कागदावर लिहून देतो. मग तुम्ही काम इथं करा नाहीतर दुसरीकडं, कागद तुमचा."

"आणि नुसता फ्यूज निघाला तर?"

"तर दीडशे आणि फ्यूजचे पैसे. मीटरचे हजारो वाचले."

आवाज चढवायचा नाही, दर बदलायचा नाही. एकाला फुकट बघून दिलं की तो दहा जणांना तेच सांगतो.

किलोमीटर कमी करून द्या म्हणणारा

मीटर उघडायला लागलात की हा माणूस येणारच. कधी जुन्या गाड्यांचा व्यापारी, कधी ओळखीचा पाहुणा. "मीटर खोललंच आहे तर ७० चे ३० करून टाका की, पाचशे जादा देतो."

इथं ठाम राहायचं. आकडा कमी करून गाडी विकणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, आणि त्यात मदत करणाराही अडचणीत येऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी बघा: ती गाडी घेणारा याच तालुक्यातला असतो. ७० हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनला तो ३० हजारवालं समजून पैसे मोजतो, आणि इंजिन कामाला निघालं की दुरुस्तीला तुमच्याच दुकानात आणतो. रविवारच्या बाजारात लोक एकमेकांना काय सांगतात ते सांगोल्यात वेगळं सांगायला नको.

नकार असा द्या: "दादा, घड्याळ, डिस्प्ले, वायरिंग सगळं करतो. किलोमीटरला हात लावत नाही, आमच्या कार्डवर आकडा आधीच लिहिलेला असतो." भांडण नाही, उपदेश नाही. कार्ड तुमच्या बाजूनं बोलतं.

मीटर नवीन बसवलं तर जुन्या मीटरचा आकडा बिलावर लिहा. पुढं गाडी विकताना प्रामाणिक मालकाला हाच कागद उपयोगी पडतो.

जॉब कार्डचा नमुना

- तारीख, गाडीचं मॉडेल, नोंदणी क्रमांक
- आत आली तेव्हाचे किलोमीटर (फोटो काढला: हो / नाही)
- तक्रार, गिऱ्हाइकाच्या शब्दांत
- पाच प्रश्नांची उत्तरं
- बॅटरी बंद गाडीत: ... व्होल्ट
- सेल्फ मारताना: ... व्होल्ट
- चार्जिंग: ... व्होल्ट
- कायमची लाईन, बल्ब चाचणी: लख्ख / मंद / बंद
- अर्थिंग: ... व्होल्ट
- सापडलेला दोष
- तपासणी १५०, दुरुस्तीचा अंदाज ...
- "मीटर जुनं आहे. उघडताना क्लिप किंवा काच तुटण्याची शक्यता मला सांगितली आहे." गिऱ्हाइकाची सही
- बाहेर गेली तेव्हाचे किलोमीटर

गाडी देताना किल्ली तीनदा काढून घाला, सेल्फ दोनदा मारा, आणि वेळ टिकली हे गिऱ्हाइकाला समोर दाखवा. घड्याळ कसं लावायचं तेही दाखवा. दोन मिनिटं जातात, पण "परत बिघडलं" म्हणून येणारे फेरे वाचतात.

या आठवड्याचं काम

१. घरातल्या किंवा मित्राच्या तीन गाड्यांवर पायरी १ ते ४ करा आणि आकडे लिहा. दोष नसला तरी चालेल, चांगल्या गाडीचे आकडे हाताखालून गेले की बिघडलेली गाडी लगेच कळते.

२. तुमच्या खर्चाचे आकडे घालून तासाचा दर काढा. स्वतःचा पगार धरायचाच.

३. तुमच्या गावात डिजिटल मीटरची तपासणी कोण करतं, किती घेतं, ते दोन-तीन दुकानांत जाऊन विचारा.

तासाचा दर किती आला ते व्हिडिओखाली कळवा. पुढच्या धड्यात त्याच दरावरून सर्व्हिसिंगचं पूर्ण दरपत्रक कसं बनवायचं ते बघू.